सहा ओळींत सम्राट: ट्रेजनचा शिलालेख कसा वाचावा

माझं काम मुद्रितशोधनाचं. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या वेलांट्या, अनुस्वार आणि चुकलेली सालं तपासण्यात तेवीस वर्षं गेली. रोममध्ये ट्रेजनच्या स्तंभासमोर उभी राहिले, तेव्हा बरोबरची मंडळी माना वर करून गोल गोल चढत जाणारी युद्धाची चित्रं बघत होती आणि मी खाली चौथऱ्यावरच्या सहा ओळींपाशी अडकले होते. मजकूर दिसला की आधी तो वाचायचा, ही खोड. लॅटिन येत नव्हतं, पण अक्षरं ओळखीची होती, आकडेही कळत होते. त्या संध्याकाळी मोठ्या ऐटीत वहीत लिहिलं: 'स्तंभ, इ.स. ११५.'

साफ चूक. स्तंभ ११३चा आहे. दुसऱ्याच्या पुस्तकात असं साल सापडलं असतं तर मी लाल पेनाने गोल केला असता. ही चूक कशी झाली ते शोधता शोधता शिलालेख वाचायला शिकले, आणि त्या ओळींतून ट्रेजन नावाचा माणूस कसा पुढे सरकत गेला तेही दिसायला लागलं. पद्धत अवघड नाही. एक सम्राट नीट जमला की बाकीच्यांचे लेख बरेचसे सोपे जातात, कारण साचा तोच.

तयारी

लेखाचा एक मोठा, स्पष्ट फोटो कागदावर छापून घ्या. फोटो निवडताना तिरप्या उन्हातला निवडा. कोरलेल्या अक्षराची खाच आत निमुळती होत जाते, त्यामुळे उजेड बाजूने आला की एका कडेला सावली धरते आणि अक्षर उठून दिसतं. भर दुपारच्या फोटोत सगळं सपाट वाटतं. रोमला जायलाच हवं असं नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या स्तंभाची पूर्ण आकाराची प्लास्टरची प्रतिकृती आहे. छताखाली मावत नाही म्हणून ती दोन तुकड्यांत उभी केली आहे, पण चौथरा आणि त्यावरचा लेख जागच्या जागी.

पेन्सिल घ्या, पेन नको. खोडावं लागणार आहे.

आधी नुसती अक्षरं उतरवा

अर्थाच्या मागे लगेच लागू नका. डोळ्यांना दिसतं तेवढंच ओळीला ओळ ठेवून उतरवा. दोन-तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात. दगडावर यू हे अक्षर नसतं, त्याच्या जागी व्हीच असतो. शब्दांमध्ये मोकळी जागा जवळजवळ नसते, तिथे छोटा त्रिकोणी ठिपका असतो, तोही अक्षराच्या मध्यावर. आकडे अक्षरांतच लिहिलेले असतात आणि अक्षर की आकडा असा घोळ होऊ नये म्हणून पुष्कळदा त्यांच्यावर आडवी रेघ मारलेली असते. लघुरूपं भरपूर. जागा कमी आणि कोरणं महाग, मग शब्द कापायचे. ही काटकसर छापखान्यात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

लेख असा, देवनागरीत आणि आपल्या आकड्यांत:

सेनातुस · पोपुलुस्क्वे · रोमानुस
इम्प · काइसारी · दिवी · नेर्वाए · एफ · नेर्वाए
त्राइआनो · आउग · गेर्म · दाकिको · पोन्तिफ
माक्सिमो · त्रिब · पोत · १७ · इम्प · ६ · कोस · ६ · पी · पी
आद · देक्लारान्दुम · क्वान्ताए · आल्तितुदिनिस
मोन्स · एत · लोकुस · तान्त[इस · ओपेर]इबुस · सित · एगेस्तुस

चौकटी कंसातली अक्षरं आज दगडावर नाहीत. शेवटच्या ओळीच्या मधोमध वरच्या बाजूला निमुळती होत गेलेली खाच आहे. मध्ययुगात या चौथऱ्याला टेकवून बांधकाम झालं, त्याच्या छपराने ती पाडली असं मानतात. गेलेली अक्षरं कुणी अंदाजाने भरलेली नाहीत. नवव्या शतकात रोममधले लेख उतरवून घेणाऱ्या एका यात्रेकरूची प्रत स्वित्झर्लंडमधल्या आइन्सीडेल्नच्या मठात टिकली आणि तिच्यात ते शब्द शाबूत होते. त्या निनावी माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटते. त्याने अर्थ लावत न बसता समोर होतं ते उतरवलं.

अक्षरांकडेही जरा निरखून बघा. वरच्या ओळींतली अक्षरं खालच्यांपेक्षा किंचित मोठी आहेत. वाचणारा खाली उभा असतो, वरची ओळ त्याच्यापासून लांब पडते. सगळ्या ओळी सारख्याच दिसाव्यात म्हणून ही सोय. याच अक्षरांवरून १९८९मध्ये 'ट्रेजन' नावाचा टाइप तयार झाला. सिनेमांच्या पोस्टरवर तो तुम्ही शेकडो वेळा पाहिला असेल.

विभक्ती ओळखा, अर्धं काम झालं

मराठी वाचकाला इथे एक फायदा आहे. शाळेत 'स ला ते, स ला ना ते' घोकलेलं असतं. लॅटिनही विभक्तीवर चालते, फक्त प्रत्यय वेगळे. पहिली ओळ प्रथमेत आहे: सेनेट आणि रोमन जनता. हे कर्ते. त्यातल्या 'पोपुलुस्क्वे'च्या शेवटचा 'क्वे' म्हणजे 'आणि'. तो शब्दाच्या मागे चिकटतो, संस्कृतातल्या 'रामः लक्ष्मणश्च' मधल्या 'च'सारखा. नुसतं साम्य नव्हे, दोघे एकाच मुळाचे.

'काइसारी', 'त्राइआनो', 'दाकिको', 'माक्सिमो' हे चतुर्थीत: सम्राटाला. म्हणजे हे बांधकाम सेनेट आणि जनतेने ट्रेजनला अर्पण केलं. निदान कागदोपत्री तरी. परवानगी कुणाची आणि पैसा कुणाचा, हे विभक्ती सांगत नाही.

आता दुसरी ओळ. तिच्यात 'नेर्वाए' दोनदा आलाय. मला वाटलं, कोरणाऱ्याने द्विरुक्ती केली. तशी खूण करायला हातही शिवशिवला. पण पहिला 'नेर्वाए' षष्ठी आहे आणि दुसरा चतुर्थी, रूप तेवढं सारखं. 'दिवी नेर्वाए एफ' म्हणजे 'देव झालेल्या नेर्वाचा मुलगा'. एफ हे 'मुलगा' या शब्दाचं पहिलं अक्षर. दुसरा 'नेर्वाए' ट्रेजनच्या स्वतःच्या नावाचा भाग: 'नेर्वा ट्रेजनला'.

नावातली वंशावळ तपासून घ्या

'मुलगा' हे अक्षर दिसलं की थांबायचं आणि विचारायचं: पोटचा की दत्तक? ट्रेजन नेर्वाचा पोटचा मुलगा नव्हता. त्याचा बाप मार्कस उल्पियस ट्रेजानस. यहुद्यांविरुद्धच्या युद्धात दहाव्या लीजनचा (रोमन पलटणीचा) सेनापती, पुढे सीरियाचा राज्यपाल. घराणं दक्षिण स्पेनमधल्या इतालिका गावचं, आजच्या सेव्हिलच्या जवळचं. त्या बापाचा या सहा ओळींत मागमूस नाही.

नेर्वाने दत्तक घेतलं त्याची हकिगत अशी. इ.स. ९६च्या सप्टेंबरात सम्राट डोमिशियनचा खून झाला आणि सेनेटने म्हाताऱ्या, निपुत्रिक नेर्वाला गादीवर बसवलं. पुढच्याच वर्षी प्रिटोरियन रक्षकांनी, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षकांनी, राजवाडा घेरून डोमिशियनच्या मारेकऱ्यांची मुंडकी मागितली, आणि नेर्वाला मान तुकवावी लागली. फौज पाठीशी नसेल तर आपण टिकत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. फौज होती जर्मनीच्या सरहद्दीवर आणि तिथला राज्यपाल होता ट्रेजन. ९७च्या ऑक्टोबरात दत्तकविधान जाहीर झालं. तीन महिन्यांत, ९८च्या जानेवारीत, नेर्वा वारला.

ट्रेजन लगेच रोमला धावला नाही. कोलोनमध्येच राहिला, ऱ्हाइन आणि डॅन्यूबच्या सरहद्दी फिरला. बंडखोर रक्षकांच्या म्होरक्याला काही कामगिरीच्या बहाण्याने बोलावून घेतलं आणि त्याचा निकाल लावला. रोममध्ये शिरला तो ९९मध्ये, पायी चालत. एफ या एका अक्षरामागे एवढं सगळं आहे.

पदव्या: कुठलं विशेषण कुठून आलं

'गेर्म' म्हणजे गेर्मानिकस, जर्मनांना जिंकणारा. ही पदवी दत्तकविधानाच्या सुमाराला, नेर्वाबरोबरच मिळाली. 'पोन्तिफ माक्सिमो' म्हणजे मुख्य पुरोहित. ऑगस्टसपासून ते पद सम्राटाकडेच असायचं, त्यावर वेळ घालवू नका.

'दाकिको'वर मात्र घालवा. डेशिया म्हणजे डॅन्यूबच्या पलीकडचा, साधारण आजच्या रोमानियाचा मुलूख. राजा डेसिबालस. ट्रेजनची त्याच्याशी दोन युद्धं झाली, १०१-१०२ आणि १०५-१०६. पदवी मिळाली पहिल्या युद्धानंतर, १०२च्या अखेरीस. म्हणजे लेखात 'दाकिकस' असेल तर तो त्यानंतरचा. दुसऱ्या युद्धात राजधानी सार्मिझेगेतूसा पडली, डेसिबालस पळाला आणि वेढला गेल्यावर त्याने स्वतःचा गळा चिरला.

डोक्यावरच्या स्तंभावर हाच प्रसंग कोरलेला आहे. झाडाखाली गुडघ्यावर आलेला राजा, हातात वाकडी सुरी आणि त्याच्यावर झेपावणारा घोडेस्वार. हा घोडेस्वार बहुधा आपल्याला नावानिशी ठाऊक आहे. १९६५मध्ये उत्तर ग्रीसमध्ये, प्राचीन फिलिप्पीच्या जवळ, एका रोमन सैनिकाचा थडग्याचा दगड सापडला: टायबेरियस क्लॉडियस मॅक्सिमस. दगड त्याने जिवंतपणीच करवून घेतला होता. त्यावर लिहिलंय की त्याने डेसिबालसला पकडलं आणि त्याचं मुंडकं रानिस्तोरुमला ट्रेजनपुढे नेलं. आता दोन्ही दगड शेजारी ठेवा. स्तंभ म्हणतो, राजाने स्वतःला संपवलं. शिपाई म्हणतो, मी पकडला. खोटं कुणीच बोलत नसेल. प्राण जाता जाता हाती लागला असेल. पण कुठला शब्द कोण वापरतो हे टिपून ठेवायचं. मुद्रितशोधक याला 'विसंगती' म्हणून समासात प्रश्नचिन्ह टाकतो आणि ते लेखकावर सोडतो.

'पी पी' म्हणजे 'पातेर पात्रिए', देशाचा पिता. 'पातेर' म्हणजे पितृ, हेही तुम्ही ओळखलंच असेल. ही पदवी जवळजवळ प्रत्येक टिकलेल्या सम्राटाला मिळायची, म्हणून मी ती ओलांडूनच जात होते. मग वेलिया इथला कांस्यपट वाचला. उत्तर इटलीतलं हे लहानसं गाव, पट १७४७मध्ये सापडला, आता पार्माच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्यात ट्रेजनच्या एका योजनेचा हिशेब आहे. सरकारी तिजोरीतून जमीनदारांना जमिनीच्या तारणावर कर्ज द्यायचं आणि त्याच्या पाच टक्के व्याजातून गावातल्या मुलांचं पोट भरायचं. वेलियाचे आकडे असे: औरस मुलगे २४५, दरमहा १६ सेस्टर्स (रोमन नाणी), औरस मुली ३४, दरमहा १२, एक अनौरस मुलगा, वर्षाला १४४, एक अनौरस मुलगी, वर्षाला १२०. वर्षाची बेरीज ५२,२०० आणि कर्जाची रक्कम १०,४४,०००. सवयीने मी गुणाकार करून पाहिला. ४७,०४० अधिक ४,८९६ अधिक २६४, बरोबर ५२,२००. आणि १०,४४,०००चे पाच टक्केही तेवढेच. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा तक्ता आणि एकही चूक नाही! मुलगे २४५ आणि मुली ३४ ही तफावत मात्र निसर्गाची नाही. नाव कुणाचं नोंदवलं तर जास्त पदरात पडतं, हे आईबापांनी हेरलं असणार, असं मला वाटतं.

आकड्यांवर या: इथेच मी पडले

चौथ्या ओळीत तीन आकडे आहेत: १७, ६ आणि ६. साल काढायला १७ सगळ्यात उपयोगी. 'त्रिब पोत' म्हणजे ट्रिब्यून या लोकप्रतिनिधीचा अधिकार, ज्याच्या जोरावर सम्राट कायदे मांडायचा आणि दुसऱ्यांचे अडवायचा. तो दरवर्षी नव्याने मोजला जायचा, त्यामुळे ते सम्राटाचं वर्षाचं घड्याळच.

मी काय केलं? ट्रेजन गादीवर आला ९८मध्ये, त्यात १७ मिळवले, आले ११५. यात दोन चुका. पहिली: हा अधिकार गादीवर बसल्यावर नव्हे, दत्तक गेल्यावरच मिळाला, ९७च्या ऑक्टोबरात. दुसरी: आकडा बदलायचा १० डिसेंबरला. म्हणजे त्याचं 'पहिलं वर्ष' जेमतेम दीड महिन्याचं आणि १० डिसेंबर ९७ला दुसरं सुरू. मी सतरावं वर्ष सुरू व्हायच्या ऐवजी सतरा वर्षं सरली असं धरलं, तेही चुकीच्या ठिकाणापासून.

ट्रेजनसाठी सोपा नियम करून ठेवा: आकड्यात ९५ मिळवायचे. जे साल येईल त्याच्या १० डिसेंबरपासून पुढच्या सालच्या ९ डिसेंबरपर्यंत. ९५ आणि १७, ११२. म्हणजे लेख १० डिसेंबर ११२ ते ९ डिसेंबर ११३च्या मधला. दुसऱ्या सम्राटाला हा नियम लावू नका, प्रत्येकाचं घड्याळ वेगळ्या दिवशी सुरू होतं.

मग बाकीचे आकडे पडताळ्याला घ्या. 'कोस' म्हणजे कॉन्सल, रोममधलं सगळ्यात मानाचं सरकारी पद. ट्रेजन कॉन्सल झाला ९१, ९८, १००, १०१, १०३ आणि ११२ साली. सहावं पद ११२चं, तेव्हा लेख त्याआधीचा असूच शकत नाही. जुळलं. जाता जाता हेही बघा की पाचव्या आणि सहाव्यात नऊ वर्षांचं अंतर आहे. डोमिशियन सतरा वेळा कॉन्सल झाला होता. सेनेटरांना हे पद जिवापाड प्यारं. ट्रेजनने ते दुसऱ्यांसाठी मोकळं सोडलं. सेनेटला तो का आवडायचा, याचं उत्तर त्या सहाच्या आकड्यातही आहे.

'इम्प ६' म्हणजे फौजेने सहाव्यांदा 'इम्पेरातोर' म्हणून जयघोष केला. पण दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीचा 'इम्प' वेगळा! तो नावाचा भाग, त्याला आकडा नसतो. आकडा असेल तर जयघोषाची मोजणी, नसेल तर नाव. सुरुवातीला यात सगळेच फसतात.

एवढं करून एका वर्षाच्या पट्ट्यात आलो. नेमका दिवस मात्र स्तंभावर नाही. तो ऑस्टिया बंदरातल्या संगमरवरी दिनपत्रिकेच्या तुकड्यांत सापडतो: १२ मे ११३. आपला पट्टा आणि तो दिवस जुळतात. त्या रात्री वहीतलं ११५ खोडलं. खोडलेलं अजून दिसतं, कारण तेव्हा पेन वापरलं होतं.

जे नाही तेही वाचा

प्रुफात सुटलेला शब्द शोधणं हे चुकलेला शब्द शोधण्यापेक्षा अवघड. इथेही तसंच. या लेखात 'ओप्तिमो' नाही. 'ऑप्टिमस', सर्वोत्तम, हा शब्द ११४मध्ये अधिकृतपणे ट्रेजनच्या नावात आला. 'पार्थिको', पूर्वेकडच्या पार्थियनांना जिंकणारा, हेही नाही; ती पदवी ११६ची. दोन्ही नाहीत, म्हणजे लेख त्याआधीचा. आकडे झिजून गेलेले असले तरी एवढ्यावरून काळ ठरला असता.

एक खड्डा इथे आहे. ट्रेजनच्या नाण्यांवर 'ओप्तिमो प्रिंकिपी' हे शब्द १०३च्या सुमारापासूनच दिसतात. तो गौरव आहे, 'सर्वोत्तम राज्यकर्त्याला' एवढाच अर्थ. नावात शिरलेला ऑप्टिमस 'आउग'च्या, म्हणजे ऑगस्टस या पदवीच्या, आधी बसतो. जागा बघा, नुसता शब्द नको.

सराव म्हणून बेनेव्हेंतोची कमान घ्या. दक्षिण इटलीत, ब्रिंडिसीच्या बंदराकडे जाणारा ट्रेजनचा नवा रस्ता जिथे सुरू होतो तिथे ती उभी आहे. तिच्यावर नावात 'ओप्तिमो' आहे, त्रिब पोत १८, इम्प ७, कोस ६. पंच्याण्णव मिळवा: १० डिसेंबर ११३ ते ९ डिसेंबर ११४. ऑप्टिमस ११४चा, म्हणून पट्टा आणखी आखडतो. पार्थिकस अजून नाही. ट्रेजन तेव्हा पूर्वेकडे होता, आर्मेनिया घेत होता. दोन वर्षांनी पार्थियनांची राजधानी टेसिफॉन पडली, तो पर्शियाच्या आखातापर्यंत पोचला. इतिहासकार कॅशियस डिओ सांगतो की तिथे हिंदुस्थानला निघालेलं एक जहाज त्याच्या नजरेस पडलं आणि तरुण असतो तर गेलो असतो, असं तो म्हणाला. तेव्हा त्याने साठी ओलांडली होती.

दुसरा सराव मला जास्त आवडतो. डॅन्यूबच्या काठी, आजच्या सर्बियात, खडकातच कोरलेली 'ताबुला ट्रेजाना'. लोखंडी दरवाज्याचं धरण झालं तेव्हा ती पाण्याखाली जाणार होती, म्हणून खडकासकट कापून वर उचलली. आता ती नीट दिसते ती नदीतूनच, नावेत बसून. तिच्यावर 'त्राइआनुस' आहे, 'त्राइआनो' नाही. प्रथमा! इथे त्याला कुणी काही अर्पण करत नाही. कर्ता तो स्वतः. डोंगर कापून रस्ता केला, असं क्रियापद. त्रिब पोत ४, कोस ३, गेर्म आहे, दाकिकस नाही. हिशेब करा: १० डिसेंबर ९९ ते ९ डिसेंबर १००, आणि तिसरं कॉन्सलपद १०० सालचंच. डेशियाचं युद्ध सुरू झालं १०१मध्ये. म्हणजे राजाशी भांडण लागायच्या आधीच फौजेला जायला कड्यातून रस्ता खोदून तयार होता. युद्धाचं कारण काय सांगितलं गेलं ते बाजूला ठेवा. आदल्या वर्षी रस्ता कुठे बांधला ते बघा.

शेवटच्या दोन ओळी

आता परत स्तंभाकडे. पाचवी-सहावी ओळ सांगते की स्तंभ कशासाठी: 'एवढ्या मोठ्या कामांसाठी किती उंचीचा डोंगर आणि जागा हटवली, ते दाखवायला.' वर सुमारे दोनशे मीटर लांबीचा युद्धाचा पट्टा गुंडाळलेला, त्यात ट्रेजन जवळजवळ साठ वेळा दिसतो आणि खाली लिहिताना युद्धाचं नावही नाही. डेशिया फक्त त्या एका पदवीत. बाकी सगळी मातीकामाची भाषा. स्तंभाची उंची शंभर रोमन फूट, चौथरा सोडून. आत १८५ पायऱ्यांचा गोल जिना.

डिओसह पुष्कळांनी याचा सरळ अर्थ घेतला की स्तंभ उभा आहे तिथेच तेवढ्या उंचीची टेकडी होती. १९०६मध्ये पुरातत्त्वज्ञ जाकोमो बोनीने चौथऱ्याजवळ खणलं तर खाली आधीच्या काळातला रस्ता आणि घरांचे अवशेष निघाले. टेकडी तिथे नव्हतीच. शेजारच्या क्विरिनाल टेकडीचा उतार कापून ट्रेजनच्या फोरमला, म्हणजे सार्वजनिक चौकाला, जागा केली होती; उंची तिथली असावी. वाक्य खोटं नाही, पण 'इथे' हा शब्द त्यात कुठेही नाही. वाचणाऱ्यांनी तो मनाने घातला. मीही घातला होता.

चौथऱ्याच्या आत पुढे ट्रेजनच्या अस्थी सोन्याच्या कलशात ठेवल्या गेल्या. लेखात त्याचा उल्लेख शोधू नका. लेख ११३चा, आणि ट्रेजन वारला ११७च्या ऑगस्टमध्ये, पार्थियाहून परतताना, सिलिशियाच्या किनाऱ्यावरच्या सेलिनसमध्ये.

पुढचा लेख कुठला घ्यावा

ट्रेजननंतर गादीवर आलेल्या हेड्रियनचा घ्या, कुठलाही. त्यात सुरुवातीलाच 'दिवी त्राइआनी पार्थिकी एफ' असं येतं. आता त्राइआनी षष्ठीत गेला, आणि पुढे 'दिवी' लागला. एफ दिसला की काय करायचं ते ठरलेलं आहे: थांबायचं आणि विचारायचं. डिओ म्हणतो की त्याचा स्वतःचा बाप पुढे सिलिशियाचा राज्यपाल होता आणि त्याने हे प्रकरण नीट धुंडाळलं होतं. ट्रेजनचा मृत्यू काही दिवस लपवून ठेवला, तेवढ्यात हेड्रियनचं दत्तकविधान जाहीर झालं आणि सेनेटला गेलेल्या पत्रांवर सही सम्राटाची नव्हती, त्याची बायको प्लोटिना हिची होती. हेड्रियनच्या लेखांत या सगळ्याला एक अक्षर पुरतं.

त्याच्या लगेच पुढे 'दिवी नेर्वाए नेपोस' येईल. 'नेपोस'साठी शब्दकोश उघडायला नको. तो आपला 'नातू'च, मूळ एकच.